‘इतर अधिकार’च्या रकान्यातले तेल

मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे निघालो आणि वडखळ मागे टाकले की उजव्या हाताला डोलवीचा पोलाद कारखाना सुरू होतो. तो संपतो न संपतो तोच गडब येते. पूर्वेला डोंगर आणि रोह्याकडे जाणारी रेल्वे, पश्चिमेला खारजमीन आणि तिच्यापलीकडे धरमतरची खाडी. या कारखान्याकडे येणारे खनिज खाडीतल्या बार्जवरून येताना दिसते, चिमण्या तर पेणपासूनच दिसतात. दिसत नाही तो वायू. गेल्या शतकाच्या नव्वदच्या दशकात इस्पात कंपनीने डोलवीला स्पंज आयर्नचा कारखाना उभारला तो नैसर्गिक वायूच्या भरवशावर. २०१०च्या अखेरीस तो जेएसडब्ल्यूकडे गेला. मालक बदलले, पण वायू जमिनीखालूनच येत राहिला. या भागात शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठाला, रस्ता ओलांडताना ठरावीक अंतरावर खुणेचे खांब रोवलेले असतात. ‘खाली वायुवाहिनी आहे, खोदकाम करू नये’ अशा अर्थाचा मजकूर आणि एक फोन नंबर. उरण ते रोहा या पट्ट्यात तेल आणि वायूविषयी मराठीत उघड्यावर वाचायला मिळणारा मजकूर बहुतेक एवढाच.

या लेखाचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. १९ फेब्रुवारी १९७४ रोजी ‘सागर सम्राट’ या तराफ्याला मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली तेल लागले. मे १९७६मध्ये उत्पादन सुरू झाले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत देशाच्या एकूण तेल-उत्पादनाचा निम्म्याहून अधिक वाटा या एका समुद्रातून येऊ लागला होता. ते तेल आणि तो वायू जिथे किनाऱ्याला लागला ते उरण रायगड जिल्ह्यातले. त्या वायूवर थळला राष्ट्रीय केमिकल्सचा खतकारखाना उभा राहिला, उसरला गेलचा प्रकल्प आला, नागोठण्याला आयपीसीएलचे गॅस क्रॅकर संकुल आले आणि डोलवीला पोलाद. एका जिल्ह्यात, फार तर दीड तासाच्या परिघात, देशाच्या पेट्रोलियम अर्थकारणाचा एवढा मोठा तुकडा वसला आहे. ‘सागर सम्राट’चे चित्र एक रुपयाच्या नोटेवर छापले गेले, म्हणजे ते कोट्यवधी मराठी खिशांतून फिरले. मराठी कादंबरीत मात्र ते आले नाही. का आले नाही?

मराठी लेखकाला तेलाचे वावडे होते असे म्हणता येत नाही. गिरीश कुबेर यांच्या ‘हा तेल नावाचा इतिहास आहे’ आणि ‘एका तेलियाने’ या पुस्तकांनी मराठी वाचकाला तेलाच्या जागतिक राजकारणाची गोडी लावली. सौदी अरेबियाचे तेलमंत्री शेख यमानी कोण, ओपेकमध्ये काय घडले, अमेरिकी कंपन्यांनी आखातात पाय कसे रोवले, हे मराठीत रंगून वाचले गेले. कुबेरांचा विषयच जगाचा होता, त्यामुळे त्यांच्याकडून उरणची अपेक्षा करणे चुकीचे. दोष असलाच तर आपल्या वाचनाचा आहे. रियाधच्या तेलाची गोष्ट आपण मिटक्या मारीत वाचली आणि ती वाचताना पायाखालून जाणारी वाहिनी आपल्याला आठवली नाही. तेल म्हणजे वाळवंट, शेख आणि कारस्थान अशी आपली समजूत पक्की झाली. भाताच्या खाचराखालून जाणारे तेल त्या समजुतीत बसत नाही.

याच्या उलट टोकाला, तेलाच्या वापराच्या टोकाला, मराठी साहित्य भरलेले आहे. चिमणी, कंदील, गॅसबत्ती, रेशनच्या दुकानापुढली रॉकेलची रांग, स्टोव्हचा भडका आणि त्या भडक्यात ‘अपघाताने’ जळालेली सून, यांच्यावाचून विसाव्या शतकातली मराठी कथा पुरी होत नाही. आपल्या भाषेने ‘रॉक ऑइल’चे रॉकेल केले आणि ‘गॅसलाइट’चे घासलेट. एवढ्यावर न थांबता समीक्षेने हलक्या लेखनासाठी ‘घासलेटी वाङ्मय’ असा शेराही बनवला. (खनिज तेलाने मराठी समीक्षेला दिलेली ही एकमेव संज्ञा, आणि ती शिवी आहे.) म्हणजे बाटलीत आलेले तेल आपण ओळखतो. ते बाटलीत येण्याआधी कुणाच्या शेतातून गेले, हे मात्र आपण विचारले नाही.

हा प्रश्न मराठीपुरता नाही. अमिताव घोष यांनी १९९२ साली ‘पेट्रोफिक्शन’ नावाचा एक गाजलेला लेख लिहिला. निमित्त होते अब्दुल रहमान मुनीफ यांच्या ‘सिटीज ऑफ सॉल्ट’ या कादंबरीमालेच्या इंग्रजी अनुवादाचे. मसाल्याच्या व्यापाराभोवती एवढे साहित्य जमले, मग तेलाभोवती का नाही, असे घोष विचारतात. त्यांच्या उत्तराचा गाभा असा, की कादंबरीला एक गाव, एक भाषा, एकमेकांना ओळखणारी माणसे लागतात. तेलाच्या जगात सगळेच परके, कुणाची भाषा कुणाला कळत नाही, आणि कामगार करार संपला की निघून जातो. मुनीफ स्वतः तेलाच्या अर्थशास्त्राचे पदवीधर, तेल-उद्योगात नोकरी केलेले. सौदी सरकारने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले होते. त्यांच्या पहिल्या खंडात एक ओअॅसिस आहे, तिथे अमेरिकी माणसे येतात, मग यंत्रे येतात, झाडे मुळासकट उखडली जातात आणि मितेब नावाचा माणूस उंटावर बसून निघून जातो तो परत दिसत नाही.

घोष यांचा युक्तिवाद आपल्याकडे अर्धाच लागू पडतो. समुद्रातल्या फलाटांना तो लागू आहे. तिथला माणूस जुहूहून हेलिकॉप्टरने जातो, १४ दिवस काम करतो, १४ दिवस घरी असतो. शेजारचा माणूस आसामचा, पलीकडचा आंध्रचा. गिरणीशी तुलना करून पाहा. गिरणीने मराठीला नारायण सुर्वे दिले, संपानंतरच्या घराची मोडतोड मांडणारे जयंत पवारांचे ‘अधांतर’ दिले. कारण गिरणीला लागून चाळ होती, चाळीत खानावळ, भजनी मंडळ, युनियनची शाखा आणि पहाटेचा भोंगा. कामगार तिथेच जगला, तिथेच म्हातारा झाला. तेलाच्या फलाटाला चाळ नाही. तिथे कामगाराला आपला संसार कामावर नेता येत नाही आणि काम घरी सांगता येत नाही.

पण गडबचे काय? गडबला घोष यांची अट पूर्ण होते. गाव आहे, भाषा आहे, सात पिढ्यांची ओळख आहे. खाडीचे पाणी अडवायला घातलेले बंद आहेत, त्यांना उघाड्या आहेत, बंद फुटला की सगळे गाव चिखल घेऊन धावते अशी सामूहिक स्मृती आहे. कादंबरीला लागते ते सगळे इथे तयार आहे. तरीही वायू आला आणि त्याची गोष्ट झाली नाही. तेव्हा कारण दुसरीकडे शोधले पाहिजे, आणि मला ते एका कायद्यात सापडते.

पेट्रोलियम वाहिन्यांसाठी जमिनीत ‘वापराचा हक्क’ मिळवण्याचा कायदा १९६२चा. १९७७च्या दुरुस्तीनंतर त्यात खनिजवाहिन्याही आल्या. साहित्याच्या अभ्यासकाने हा कायदा एकदा वाचावाच, कारण मालकी या कल्पनेवर इतके बारीक काम आपल्या एखाद्या कादंबरीकारानेही केलेले नाही. या कायद्याने सरकार जमीन घेत नाही. जमीन शेतकऱ्याचीच राहते. सातबाऱ्यावर नाव त्याचेच. सरकार घेते तो जमिनीखालून वाहिनी नेण्याचा हक्क, आणि मग तो कंपनीच्या हवाली करते. आधी राजपत्रात इरादा जाहीर होतो, हरकतीसाठी २१ दिवस मिळतात, मग घोषणा निघते. घराखालून वाहिनी नेता येत नाही, आणि पृष्ठभागापासून १ मीटरच्या आत ती टाकता येत नाही. काम झाले की माती परत लोटून शेतकऱ्याला शेत कसायला मोकळे.

मोकळे, पण तीन गोष्टी सोडून. त्या पट्ट्यावर त्याने बांधकाम करायचे नाही. विहीर, तलाव, बंधारा खणायचा नाही. झाड लावायचे नाही. आणि या तीन ‘नाहीं’ची किंमत कायद्याने ठरवली आहे ती अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाच्या १० टक्के. पिकाची, झाडांची नुकसानभरपाई वेगळी, पण ती एकदाच. तीन ‘नाही’ मात्र वारसाहक्काने पुढे चालतात.

आता हे तीन ‘नाही’ पेणच्या मातीवर ठेवून पाहा. विदर्भातल्या शेतकऱ्याला विहिरीची मनाई डाचेल. इथे विहिरीपेक्षा तलाव महत्त्वाचा. या खारपट्टीत घराशेजारी, शेताच्या कोपऱ्यात तळे खणून त्यात जिताडा सोडायची जुनी रीत आहे. जावई आला, मुलाचे लग्न ठरले, कुणाचे उपकार फेडायचे झाले, तर तळ्यातला जिताडा निघतो. गडबपासून जवळच एका शेतात खुणेच्या खांबाला टेकून एक म्हातारा मला म्हणाला, “शेत माजाच हाय. पन तलाव खनाचा नाय.” कुणाची वाहिनी, असे विचारल्यावर त्याने हाताने आधी खाडीकडे आणि मग नागोठण्याच्या दिशेला दाखवले. कंपनीचे नाव त्याला सांगता आले नाही. त्याच्या लेखी ती ‘गॅसवाल्यांची’ होती.

मराठी साहित्याची अडचण नेमकी इथे आहे. प्रकल्प आणि माणूस या विषयाचा एक भक्कम साचा आपण घडवला, तो विस्थापनाचा. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ ही त्या साच्याची सर्वांत ताकदवान कादंबरी. धरण येते, गाव बुडते, माणसे उठतात, पुनर्वसनाच्या माळावर फेकली जातात, कचेऱ्यांचे उंबरे झिजवतात. यात एक ठळक क्षण असतो: घर सोडण्याचा. सगळी कथा त्या क्षणाकडे जाते आणि त्याच्यापासून दूर जाते. मुनीफची कादंबरीही खरे तर याच जातीची आहे, झाडे उखडली म्हणून मितेब निघून जातो. वाहिनीखालच्या शेतकऱ्याच्या आयुष्यात असा क्षणच येत नाही. तो कुठे जात नाही. भात पूर्वीसारखा होतो, भातानंतर वालही होतो, थंडीत पोपटीही लागते. त्याला ‘प्रकल्पग्रस्त’ म्हणावे तर तो शब्द त्याच्यावर नीट बसत नाही, कारण त्याची जमीन गेलेलीच नाही. जमीन गेली नाही आणि ती पूर्ण राहिलीही नाही, या अवस्थेला आपल्याकडे नाव नाही. आणि ज्याला नाव नाही त्याचे कथानक कसे होणार?

अवस्थेची नोंद आहे, ती कादंबरीत नव्हे, तलाठ्याकडे. सातबाऱ्यावर उजवीकडे ‘इतर अधिकार’ असा एक रकाना असतो. बँकेचा बोजा, कुळाचे नाव, बहिणींचे हक्क, वहिवाटीचा रस्ता, अशा नोंदींच्या पंक्तीत कधीतरी एका फेरफाराने वाहिनीच्या वापराचा हक्कही येऊन बसतो. एका ओळीत. त्या ओळीच्या मागे राजपत्रातली परिशिष्टे असतात: जिल्हा, तालुका, गाव, सर्व्हे नंबर, हेक्टर, आर, चौरस मीटर. माणसाचे नाव नसते. भारत सरकारचे राजपत्र हिंदीत आणि इंग्रजीत निघते. म्हणजे एका मराठी गावाच्या पोटातून काय गेले याचा मूळ लेख मराठीत नाहीच. पेण तालुक्यातून उरण-नागोठणे पट्ट्यात इथेन-प्रोपेन आणि नैसर्गिक वायूच्या वाहिन्या गेल्या. त्यांची एकत्र गोष्ट वाचायची असेल तर ती गावोगावच्या ‘इतर अधिकार’मध्ये तुकड्यातुकड्याने पसरलेली आहे.

याच तालुक्याला जमिनीसाठी भांडता येत नाही असे कुणी म्हणू नये. रिलायन्सशी निगडित महामुंबई सेझविरुद्ध पेण-उरण-पनवेलचा शेतकरी एन. डी. पाटील यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या पेण तालुक्यातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारला शेतकऱ्यांचे मत मागावे लागले. जमीन द्यायची की नाही, असे शेतकऱ्याला मतदानाने विचारण्याचा हा प्रसंग देशात दुर्मीळच. पुढे ते भूसंपादन बारगळले. त्या लढ्यावर लेख, पुस्तिका, गाणी निघाली. तिथे शेताचा पृष्ठभाग मागितला होता, म्हणून गाव उठले. याच मातीखालून हायड्रोकार्बन वाहून नेताना कुणी पृष्ठभाग मागितला नाही, आणि मतही विचारले नाही.

यात मला आपल्या लेखनाची एक सवय दिसते. आपण येऊ घातलेल्या प्रकल्पावर लिहितो. एन्रॉन गुहागरला येणार म्हटल्यावर मराठीत केवढे वादळ उठले. २०१७नंतर नाणार, मग २०२३च्या एप्रिलमध्ये बारसूचे माती परीक्षण, तिथली कातळशिल्पे, आंब्याच्या बागा, याविषयी दिवाळी अंकांनी पानेच्या पाने दिली, आणि ती द्यायलाच हवी होती. पण बारसूच्या सभेत ‘रिफायनरी आली तर काय होईल’ असा प्रश्न विचारला जात होता तेव्हा त्याचे निदान अर्धे उत्तर अडीचशे-तीनशे किलोमीटर उत्तरेला, चाळीस वर्षे जगलेल्या गावांत होते. थळमध्ये काय झाले, उरणच्या कोळ्यांचे काय झाले, नागोठण्याच्या परिसरात नोकऱ्या किती काळ टिकल्या आणि कुणाला मिळाल्या, हे सांगणारी एक कादंबरी, एक आत्मकथन हाताशी असते तर त्या वादाची पातळीच वेगळी झाली असती. भीती आणि आश्वासन यांच्यामधली जागा अनुभवाची असते, आणि तीच आपल्याकडे कोरी आहे.

आसामशी तुलना केली की हा कोरेपणा अधिक उठून दिसतो. दिग्बोईला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेल लागले, आणि १९७९नंतरच्या आसाम आंदोलनात ‘रक्त देऊ, तेल देणार नाही’ ही घोषणा झाली. तेल तिथे अस्मितेचा शब्द बनले. महाराष्ट्रात मराठी अस्मितेचे राजकारण ऐन भरात असतानाच तेल सापडले, त्याला नावही मुंबईचे मिळाले, तरी ते कुणाच्याही घोषणेत शिरले नाही. याला घटनात्मक कारण आहे. राज्याच्या जमिनीत तेल निघाले तर स्वामित्वशुल्क राज्याला मिळते, आसाम आणि गुजरातला ते मिळते. समुद्रतळाखालची संपत्ती मात्र अनुच्छेद २९७नुसार केंद्राची. बॉम्बे हायचे नाव तेवढे आपले. भांडण झाले ते नोकऱ्यांपुरते, स्थानिक भूमिपुत्रांना घ्या यापुरते. संपत्ती कुणाची, हा प्रश्न तेवढ्यात विरून गेला. शिवाय ही कंपनी होती सरकारची. १९७४ ते १९७६ या काळात एस्सो, बर्मा शेल, कॅलटेक्स यांचे राष्ट्रीयीकरण होत होते आणि त्याच वेळी ओएनजीसीला आपल्या समुद्रात तेल सापडले होते. त्या अभिमानाच्या प्रकाशात उरणचा शेतकरी दिसणे अवघडच होते. पुढे २००२मध्ये आयपीसीएलची सूत्रे रिलायन्सकडे गेली, २००७मध्ये तिचे विलीनीकरण झाले. राष्ट्रासाठी दिलेल्या जमिनीवरचा नागोठण्याचा कारखाना खासगी झाला, हे वाक्य एखाद्या नाटकाच्या दुसऱ्या अंकाला पुरेल. ते नाटक लिहिले गेलेले नाही.

मरणेही लिहिली गेली नाहीत. नोव्हेंबर १९९०मध्ये नागोठण्याच्या संकुलात वायुगळतीनंतर स्फोट होऊन तीसहून अधिक माणसे गेली. २७ जुलै २००५ला बॉम्बे हाय नॉर्थ फलाटाला एक जहाज धडकले, आग लागली आणि फलाट समुद्रात कोसळला, २२ जण गेले. पण तो दिवस २६ जुलैच्या नंतरचा होता. मुंबई पाण्यात होती, रायगडचे डोळे महाडच्या दरडींकडे होते, आणि समुद्रातल्या आगीला त्या दुःखात जागा उरली नाही. सप्टेंबर २०१९मध्ये उरणच्या प्रकल्पातल्या आगीत ४ जण गेले. मे २०२१मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ बार्ज आणि एक टग बुडून ऐंशीहून अधिक गेले, त्यांतले बहुतेक कंत्राटी, देशाच्या कानाकोपऱ्यातले. प्रत्येक वेळी बातम्या आल्या, चौकशी समित्या नेमल्या गेल्या. ‘२६ जुलै’ म्हटले की मराठी माणसाला आजही काही आठवते, ‘२७ जुलै’ म्हटले की नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. साहित्य म्हणजे उद्योगांची हजेरी नव्हे. खत, पोलाद, वीज, वायू, प्रत्येकाच्या नावाने कादंबरी हवी असे म्हणणे म्हणजे लेखकाला गॅझेटियर लिहायला बसवणे. मला तसे म्हणायचे नाही. तेलावरची कादंबरी नाही, हे माझे गाऱ्हाणे नाही. आपल्या ग्रामीण साहित्याने शेतकऱ्याचे जमिनीशी असलेले नाते हा आपला सर्वांत मोठा विषय मानला आणि ते नाते पन्नास वर्षांत पालटले, ते त्याला दिसले नाही, हे गाऱ्हाणे आहे. जमीन कसणे, जमीन गमावणे, जमिनीसाठी भाऊबंदकी करणे, या तिन्हींवर आपल्याकडे उत्तम लेखन आहे. जमीन आपली असून तिच्या खोलीवर आपला अधिकार नसणे, ही चौथी गोष्ट आहे. तिच्यासाठी लेखकाला तेलविहिरीपर्यंत जावे लागत नाही. पेणच्या तहसील कचेरीत जुने फेरफार पाहणारा, दोन भावांच्या वाटणीत ‘पाइपाचा पट्टा’ कुणाच्या वाट्याला घालायचा यावरून रात्रभर चाललेली चर्चा ऐकणारा, एवढाच लेखक पुरे. अशा वाटण्या होतात. वडील तो पट्टा धाकट्याला देतात, कारण थोरल्याला घर बांधायचे असते.

त्या दिवशी म्हाताऱ्याच्या शेतातून निघताना मी त्याला सातबारा पाहायला मागितला. त्याच्या नातवाने मोबाईलवर काढून दाखवला. नाव, क्षेत्र, पीक, सगळे नीट. ‘इतर अधिकार’च्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा आणि त्याखाली एक फेरफार क्रमांक. नातवाने ती ओळ बोटांनी मोठी करून वाचली, आणि आजोबांकडे वळून विचारले, “हे काय आहे?”